नागपूरहून चुनखडीची गुहा बघायची आहे: आदिमानवाच्या खुणा नक्की कुठे दिसतात?

धंतोलीकर
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचा विचार आहे. सात मोठे, दोन मुलं (९ आणि १२ वर्षं). मोठ्यांत एक काका सत्तरीचे, डावा गुडघा कुरकुरतो. चुनखडीची खरीखुरी गुहा बघायची आहे, पण नुसते रंगीत दिवे आणि 'हा बघा गणपती, हा बघा शेषनाग' एवढ्यासाठी नाही. जिथे हजारो वर्षांपूर्वी माणूस राहून गेला आणि त्याच्या खुणा सापडल्या, अशी जागा हवी. यादीत सध्या भीमबेटका, कोटमसर, बोरा आणि बेलम आहेत. गाडी किंवा रेल्वे, दोन्ही चालेल. कुठे जावं आणि तिथे गेल्यावर नक्की काय बघावं? 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावे.

गिट्टीखदानकर
यादीतून भीमबेटका आधी काढा. जागा उत्तमच आहे. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी १९५७ मध्ये शोधली, २००३ मध्ये जागतिक वारशात गेली आणि नागपूरहून सगळ्यांत जवळचीही तीच. पण तो वालुकाश्म आहे. वारा-पावसाने खडक कोरला जाऊन झालेली आडोशाची जागा, म्हणजे शैलाश्रय. चुनखडीची गुहा पाण्यात खडक विरघळून होते, प्रकारच वेगळा. भीमबेटक्यात चित्रं भिंतीवर आहेत, वर मान करून बघता येतात. चुनखडीच्या गुहेत माणसाच्या खुणा शोधायच्या तर खाली, जमिनीच्या मातीत.

सावजी_रस्सा
काहून जाऊन राहिले भाऊ एवढ्या दूर? काटोल रोडवरचं जुनापाणी पाहिलं का आधी? तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत, घरून डबा नेला तरी गरम राहते.

गिट्टीखदानकर
@सावजी_रस्सा, जुनापाणी बघायलाच हवं, पण ती लोहयुगातली दफनं आहेत. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. धागाकर्त्याला हवा तो काळ त्याच्या कितीतरी मागचा. आणि गुहा कुठे आहे तिथे?

सावजी_रस्सा
गुहा नाही, पण ऊन असं लागते की माणूस स्वतःच गुहा शोधते.

टेकडी_लाईन
@गिट्टीखदानकर, 'चित्रं वालुकाश्मात, चुनखडीत माती' हा नियम पटला नाही. फ्रान्समधलं लास्को, स्पेनमधलं अल्तामिरा, इंडोनेशियातलं सुलावेसी, सगळी चुनखडीच. आणि चित्रं जगप्रसिद्ध.

गिट्टीखदानकर
बरोबर, नियम म्हणून ते टिकणार नाही. उलट चित्रावर कॅल्साइटचा (चुनखडीच्या पाण्यातून साचणाऱ्या खनिजाचा) पातळ पापुद्रा चढला असेल तर त्यातल्या युरेनियमचं ठरावीक वेगाने थोरियम होत जातं, त्यावरून चित्राचं किमान वयही काढता येतं. सुलावेसीत तेच केलंय. माझं म्हणणं आपल्या आवाक्यातल्या गुहांपुरतं घ्या. आंध्रातल्या कर्नूलकडच्या (बेलम तिकडचीच) चुनखडीत जे मिळालं ते मुख्यतः मातीच्या थरांत: हाडं, हाडांची हत्यारं, दगडाचे छिलके (हत्यार करताना काढलेले टवके), चुली. त्याच भागात केतवरमला चित्रं आहेत, पण ती क्वार्टझाइट या कठीण खडकावर.

बस्तर_पॅसेंजर
कोटमसरबद्दल. रायपूर, मग जगदलपूर, तिथून कांगेर खोरं राष्ट्रीय उद्यान. नागपूरहून साधारण सहाशे किलोमीटर. पावसाळ्यात आत पाणी भरतं म्हणून बंद, साधारण नोव्हेंबरात उघडते. वनखात्याचा गाईड आणि दिवा घेतल्याशिवाय सोडत नाहीत, आत कायमची वीज नाही, आणि हीच तिची मजा. शंकर तिवारींनी १९५१ मध्ये तिची पाहणी केली. आतल्या डबक्यांत जवळजवळ आंधळे, फिकट मासे आहेत. कमरेत वाकून, चिंचोळ्या फटीतून लोखंडी जिन्याने उतरायचं. काकांना शक्यतो नको. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आदिमानवासाठी कोटमसर नाही. गुहेचा जीव बघायचा असेल तर कोटमसर.

सदर_बाजार
बोरा मात्र काकांना जमेल. पायऱ्या रुंद, दालन प्रचंड, तोंड मोठं असल्याने आत बऱ्याच अंतरापर्यंत दिवसाचा उजेड. नागपूरहून समता एक्स्प्रेसने विशाखापट्टणम, तिथून किरंदूल मार्गावरची गाडी धरून बोरा गुहालू स्टेशन. आंध्र विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञांना तिथे मध्य पुराश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली आहेत, काळ ३० ते ५० हजार वर्षं सांगतात. पण तिथे उभं राहून त्यातलं काही दिसत नाही. दिसतात ते दिवे, शिवलिंग आणि सेल्फी.

चुनखडी
मग कर्नूल-नंद्याळ पट्टा. खरं तर धागाकर्त्याच्या यादीत नसलेलं नावच महत्त्वाचं आहे: बिल्लासुर्गम. बेलममध्ये गुहा बघायला मिळते, बिल्लासुर्गममध्ये माणूस. दोन्ही एकाच फेरीत होतात.

आधी रस्ता. नागपूरहून ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग सोडायचाच नाही: जाम, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, हैदराबादचा बाह्य वळणरस्ता, जडचेर्ला, कर्नूल. हैदराबादपर्यंत पाचशे, पुढे कर्नूल दोनशेच्या वर. मुलं आणि काका सोबत असताना एका दमात करू नका, हैदराबादच्या पलीकडे शादनगर किंवा जडचेर्ल्याला मुक्काम टाका, म्हणजे सकाळी शहराच्या गर्दीत अडकत नाही. रेल्वेने यायचं तर सिकंदराबाद किंवा काचीगुडा, तिथून गाडी बदलून कर्नूल सिटी किंवा डोन. डोन-नंद्याळ फाट्यावर बेतमचेर्ला स्टेशन आहे, बिल्लासुर्गम तिथून जवळ. नऊ जण असाल तर डोनपासून पुढे मोठी गाडी भाड्याने घ्या, दोन ऑटोंत घासाघीस करत बसू नका.

आता खडक. बेलम आणि बिल्लासुर्गम दोन्ही नार्जी नावाच्या चुनखडीच्या थरात आहेत. तुमच्या स्वयंपाकघरात काळा कडप्पा असेल तर त्याच प्रदेशातली चुनखडी रोज पुसताय. ओट्यावर लिंबू पिळताना थेंब सांडला आणि तसाच राहिला की पांढुरका डाग पडतो, घासून जात नाही. तो डाग नाही, तेवढा दगड गेलेला असतो. गुहेतही हेच. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं, फटीतून उतरतं, खडक खातं. काम फक्त लाखो वर्षं चालतं. मुलांना निघण्याआधी घरी हे दाखवा. गुहेत मात्र लिंबू काढू नका.

महाल_दरवाजा
आमच्याकडे ग्रॅनाइट आहे. आम्ही कुठे जावं?

चुनखडी
@महाल_दरवाजा, तुम्ही फक्त लिंबू पिळा.

बेलमकडे येतो. रॉबर्ट ब्रूस फुटने १८८४ मध्ये नोंद केली. हाच तो चेन्नईजवळच्या पल्लावरमला १८६३ मध्ये अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडलेला भूवैज्ञानिक. पुढे १९८२-८३ मध्ये गेबावर या जर्मन गुहाशोधकाच्या चमूने मोजमाप केलं. एकूण लांबी ३,२२९ मीटर, त्यातला दीडेक किलोमीटर लोकांसाठी खुला. शेतात विहिरीसारखे खड्डे आहेत, त्यातल्या एकातून पायऱ्यांनी उतरायचं. खाली आडवं चालणं जास्त, पण पाताळगंगेपर्यंत (गुहेतल्या सगळ्यांत खोल जागेपर्यंत) गेलात तर प्रवेशद्वाराच्या पातळीपासून ४६ मीटर खाली असता. ती चढण परतीला आहे हे काकांना आधीच सांगा.

आत भिक्षूंच्या वास्तव्याच्या खुणा मिळाल्या, आणि पर्यटन खात्याच्या माहितीत इसवी सन पूर्व ४५०० च्या सुमाराच्या भांड्यांचा उल्लेख असतो. भांडी तिथे नाहीत, संग्रहालयात गेली. वाट करताना आतली माती आणि गाळ मोठ्या प्रमाणावर उपसला. मातीच गेली म्हणजे वाचायची वहीच उचलली. म्हणून बेलममध्ये 'आदिमानव कुठे राहत होता' असं गाईडला विचारलं की तो ध्यानमंदिर नावाच्या दालनातली उशीसारखी शिळा दाखवतो. ती पाण्याने घडलेली आहे.

नवखा_२२
जिल्हा कर्नूल की नंद्याळ? नकाशावर दोन्ही येतंय.

चुनखडी
एप्रिल २०२२ पासून नंद्याळ. जुन्या लेखांत कर्नूल लिहिलेलं असतं. जागा तीच.

ऑरेंज_बर्फी
बेलममध्ये गरम होतं म्हणतात. आपण नागपूरचे, ४५ बघितलेली माणसं. घाबरवू नका.

डॉ_रामदासपेठ
४५ आणि बेलम यांची तुलनाच नको. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. बेलममध्ये तापमान त्यामानाने कमी, पण आर्द्रता इतकी की घाम वाळतच नाही. ऑगस्टात कूलर लावल्यावर होतं ना, तसं. वरून नळ्यांवाटे हवा सोडतात, त्या तोंडापाशी थांबत थांबत जा. चिंचोळ्या फाट्यांत पाच-सहा जण एकत्र घुसले की हवा पटकन जड होते. दोन-दोन करून आत जा, बाकीचे मोकळ्या दालनात थांबा.

दमा, हृदयविकार, बंद जागेची भीती यापैकी काही असेल तर पाताळगंगेचा फाटा सोडून द्या. डोकं दुखणं, धाप लागणं, उगाच चिडचिड होणं ही पहिली लक्षणं. त्यावर 'जरा बसू या' हा उपाय नाही, तोंडाकडे चालायला लागायचं. माणशी अर्धा लिटर पाणी आत पुरतं, बाहेर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी. काकांना गुडघ्याचा पट्टा उतरण्याआधी बांधा, दुखल्यावर नाही. काठीला रबरी टोपी हवीच. लोखंडी टोक ओल्या चुनखडीवर सटकतं आणि खडकावर ओरखडेही पाडतं.

सावजी_रस्सा
चिडचिड हे लक्षण असेल तर आमच्या घरी रोजच ऑक्सिजन कमी असते.

फुटाळा_संध्याकाळ
चष्मेवाल्यांसाठी: आत शिरताच काचेवर धुकं येतं, फोनच्या लेन्सवरही. गाडीत एसी लावून थेट आत गेलात तर जास्तच. तिकीट काढेपर्यंत फोन एसीबाहेर, खिशात ठेवा, म्हणजे तो गरम होतो. फ्लॅश मारू नका. समोरून उजेड पडला की भिंत सपाट दिसते. दुसऱ्याला बाजूने टॉर्च धरायला लावा, तिरप्या उजेडात पोत उठून दिसतो.

रच्याकने, दिव्यांच्या आजूबाजूला भिंतीवर हिरवट थर दिसला तर तो गुहेचा मूळ रंग समजू नका. कायम दिवा असला की शेवाळ धरतं. लवणस्तंभांनाही हात लावायचा नाही. हाताचं तेल बसलं की त्या जागी पाण्यातलं कॅल्साइट नीट धरत नाही आणि डाग राहतो. सप्तस्वर दालनात खांब वाजवायला सांगतात. मुलांना नुसतं ऐकू द्या.

टेकडी_लाईन
आता बिल्लासुर्गमचं सांगा की. तिथे नक्की काय दिसतं?

चुनखडी
पहिल्यांदा 'काय नाही' ते. तिकीट, दिवे, कठडे, संडास यातलं काही धरून चालू नका. बेतमचेर्ल्यात पाणी भरून घ्या, खाणं उरकून घ्या, आणि जवळच्या कोट्टाला गावातून वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्या.

जागा म्हणजे चुनखडीतली खोल घळ. मूळच्या मोठ्या गुहेचं छत कोसळून ती उघडी पडली आहे आणि दोन्ही कडांत गुहांची तोंडं आहेत. कॅप्टन न्यूबोल्डने १८४४ मध्ये इथल्या हाडांबद्दल लिहिलं. १८८४-८५ मध्ये फुट आणि त्याचा लेफ्टनंट मुलगा हेन्री यांनी खणलं. कॅथेड्रल, चार्नेल हाउस, पर्गेटरी ही नावं त्यांचीच. हाडांचं वर्णन जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने १८८६ मध्ये केलं. गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा खणलं गेलं आणि २०१४ च्या शोधनिबंधात सुमारे दोन लाख वर्षांचा प्राण्यांचा क्रम मांडला गेला. ओळखलेल्या २१ सस्तन गटांपैकी २० आजही भारतीय उपखंडात कुठे ना कुठे आहेत. हे वाचून गेलात तर त्या घळीत उभं राहायला वेगळंच वाटतं.

बघायचं काय? एक, भिंतीला चिकटलेला जुना मजला. गुडघा ते छातीच्या उंचीवर काही ठिकाणी लालसर-तपकिरी, खडबडीत, दगडाचे तुकडे अडकलेला पट्टा दिसतो. कॅल्साइटने घट्ट झालेली जुनी माती आहे ती. एके काळी जमीन तिथवर होती, खालची माती नंतर वाहून गेली किंवा खणली गेली. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा, कधी त्यात हाडाचा आडवा छेद दिसतो: बाहेर पांढुरकी गुळगुळीत कड, आत जाळी. बोट फिरवूसुद्धा नका.

दोन, जुन्या उत्खननाच्या चरांच्या कडा. थरांचे रंग बघा. चुलीचा थर म्हणजे वर राखाडी, मध्ये कोळशाचे कण, खाली भाजून लाल झालेली माती, तेही थोड्याच रुंदीत. छतावरची काजळी पुरावा म्हणून धरू नका, ती मशालीची, मेंढपाळांच्या शेकोटीची किंवा काहीचीही असू शकते.

गिट्टीखदानकर
यात एक भर. फुटला तिथे हाडांची हत्यारं मिळाल्याचं त्याने लिहिलं होतं आणि त्यावर बराच वाद झाला. कारण साळिंदर. साळिंदर हाडं गुहेत ओढून आणतं आणि कुरतडतं. दातांच्या रुंद, समांतर, सपाट खाचा टोकाशी पडतात आणि हाड अगदी तासल्यासारखं दिसतं. माणसाने घासून टोक केलं असेल तर बारीक, एका दिशेचे ओरखडे आणि झिजलेली चकाकी असते. त्याच कर्नूल पट्ट्यात मुच्चट्ला चिंतमानु गवि या गुहेत पुरातत्त्वज्ञ एम. एल. के. मूर्तींनी १९७० च्या दशकात खणलं तेव्हा मात्र हाडांची हत्यारं भरपूर मिळाली. तिथल्या चुलीतल्या भाजक्या मातीचं वय सतरा हजार वर्षांच्या आसपास आलं.

नवखा_२२
आणि दगडाचा छिलका माणसाने काढलेला की आपोआप तुटलेला, हे कसं कळतं?

गिट्टीखदानकर
चुनखडीवर नको, चर्टवर (गारगोटीसारख्या कठीण दगडावर) बघा. तिथे चुनखडीतच चर्टच्या गाठी असतात. माणसाने टोला मारून काढलेल्या छिलक्याला एका टोकाला टोल्याची छोटी सपाट जागा, तिच्याखाली आतल्या बाजूला फुगवटा आणि तिथून पसरलेल्या लहरी. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे खड्डे असतील तर शंका आणखी कमी. उन्हाने किंवा आगीने उडालेल्या टवक्याला गोल बशीसारखा खळगा पडतो, टोल्याची जागा नसते. एकटा तुकडा काही सिद्ध करत नाही, एकाच जागी बरेच हवेत. जागेवरच बघा, फोटो घ्या, शेजारी मापाला पेन ठेवा आणि तिथेच सोडा. उचलून खिशात घातला की तो कुठल्या थरातला हे कायमचं गेलं. वर कायदाही आडवा येतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागैतिहासिक शाखा आपल्या नागपुरातच आहे, हे इथे किती जणांना माहीत आहे?

महाल_दरवाजा
मला नव्हतं. आयुष्य त्या रस्त्याने गेलं.

बंगनपल्ली_फॅन
अवांतर: तिथवर जाताय तर ज्वालापुरम विसरू नका, बनगानपल्लेजवळ. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख जुर्रेरू खोऱ्यात काही ठिकाणी दोन मीटरहून जाड आहे. राखेच्या खाली आणि वर दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली, उद्रेकानंतरही माणूस तिथे टिकला का यावर २००७ मध्ये मोठी चर्चा झाली. राख खणून नेतात, त्या खड्ड्यांच्या भिंतीत पांढरट पट्टा दिसतो. कड ढासळते, मुलांना खाली उभं करू नका.

आणि बनगानपल्ले म्हणजे तोच आंबा. पण डिसेंबरात नुसती झाडं बघा. जेवायला रागी संगटी (नाचणीचा गोळा) आणि नाटू कोडीचा (गावठी कोंबडीचा) रस्सा मागा.

सावजी_रस्सा
तिखट किती?

बंगनपल्ली_फॅन
तुमच्या सदस्यनामाला धक्का लागणार नाही इतपत.

धंतोलीकर
दंडवत! आता असं ठरतंय: पहिला दिवस जडचेर्ला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेतमचेर्ला, संध्याकाळी बिल्लासुर्गम, मुक्काम नंद्याळ. तिसऱ्या दिवशी बेलम, जमल्यास ज्वालापुरम. काका बिल्लासुर्गमच्या घळीत उतरू शकतील का? आणि टॉर्च कुठला?

चुनखडी
संध्याकाळ बदला. डिसेंबरात सूर्य लवकर कलतो, घळ अरुंद, चार वाजताच आत अंधारतं आणि परतीची वाट सैल दगडांची. दुसऱ्या दिवशी थेट नंद्याळ किंवा बनगानपल्ले गाठा. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेलम उघडताच आत शिरा, गर्दी आणि जड हवा दोन्ही टळतात. उरलेल्या दुपारी ज्वालापुरम. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास बिल्लासुर्गम, ऊन घळीत उतरलेलं असतं. तिथून डोनमार्गे पुन्हा ४४ वर. बेलम आधी झालं की मुलांना पूर्ण गुहा कशी असते ते कळलेलं असतं, मग छत कोसळलेली गुहा ओळखू येते.

काकांनी घळीच्या काठावरून बघावं, उतरायचा हट्ट नको. सोबत एक मोठा माणूस वर थांबवा.

डॉ_रामदासपेठ
सहमत. आणि बिल्लासुर्गमला मास्क न्या. वाटवाघळांची विष्ठा वाळून धूळ झालेली असते, पायाने उडते. कोपऱ्यातल्या फटींत हात घालू नका, विंचू-साप दोन्ही तिथलेच रहिवासी. दगडावर बसण्याआधी काठीने ठोकून घ्या.

फुटाळा_संध्याकाळ
टॉर्च: माणशी डोक्याला बांधायचा एक, हातात एक, आणि दोघांत मिळून एक जास्तीचा. फोनचा उजेड यात मोजायचा नाही. दोनशे-तीनशे ल्युमेन पुरे, त्याहून प्रखर घेतला तर जवळची भिंत बघताना डोळे दिपतात. चार्जिंगवाल्यांपेक्षा पेन्सिल सेलवाले बरे, सेल बेतमचेर्ल्याच्या किराणा दुकानातही मिळतात. हातातला टॉर्च दोरीने मनगटाला बांधा, फटीत पडला तर काढायच्या भानगडीत पडू नका.

सावजी_रस्सा
सात मोठे, दोन लहान, गाडी मोठी. एखादी सीट रिकामी असेल तर सांगा भाऊ. डबा माझ्याकडे लागला.

धंतोलीकर
@सावजी_रस्सा, काकांसोबत घळीच्या काठावर थांबायची तयारी असेल तर सीट तुमची.